औषधी वनस्पतींची करार शेती : अनुभवाचे चार शब्द
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणावरून)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. विद्वत्तेचा अधिकार मजकडे नाही. अनुभव मात्र आहे, आणि तो महाग पडलेला आहे.

केंद्र सरकारने २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन केले. त्या सुमारास सफेद मुसळीचे नाव खेडोपाडी गाजू लागले. ही वनस्पती आपलीच. तिच्या शास्त्रीय नावातही मुंबईचे बोरिवली आहे. पावसाच्या आरंभी गादीवाफ्यावर लावावी, पाने सुकल्यावर मुळ्या जमिनीत पक्व होऊ द्याव्या, मग खणून, सोलून, वाळवाव्या. पाच किलो ओल्या मुळ्यांचा जेमतेम एक किलो सुका माल होतो. वाफ्यात पाणी साचले की मुळ्या कुजतात.

२००३ साली एक कंपनी आमच्या गावी आली. बियाणे तिच्याकडूनच रोखीने घ्यावे, तयार माल ती ठरल्या भावाने उचलील, असा करार. मी सोळा गुंठ्यांसाठी सही केली. “गुरुजींनी वाचले आहे ना?” एवढेच विचारून चार घरांनी माझ्यामागून अंगठे व सह्या केल्या. एका भगिनीने तर मुलीच्या लग्नासाठी राखलेली रक्कम त्यात घातली.

बंधूंनो, मी भाव वाचला होता. शेवटचे कलम वाचले नव्हते. ‘कंपनीच्या प्रतवारीस उतरेल तोच माल घेतला जाईल’, असे त्यात होते. प्रतवारी कोणती, ती कोण ठरविणार, याचा उल्लेख नव्हता. माल वाळवून आम्ही तालुक्याला गेलो, तेव्हा कचेरीला कुलूप होते. स्थानिक व्यापाऱ्याने दिलेल्या भावात बियाण्याचा खर्चही निघाला नाही. त्या भगिनीच्या दारावरून जाताना माझी मान आजही खाली जाते.

म्हणून करार शेती वाईट, असे मी म्हणत नाही. लहान शेतकऱ्यास हमीचा ग्राहक मिळणे ही मोठीच सोय आहे. महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्यात २००६ साली करार शेतीची तरतूद झाली. केंद्राने २०२० साली केलेला स्वतंत्र कायदा मात्र २०२१ साली रद्द झाला. पण कोणताही कायदा न वाचलेल्या कागदाचे रक्षण करीत नाही.

तेव्हा करार मराठीत मागावा. भाव, प्रत, वजन कोठे होणार, पैसे किती दिवसांत मिळणार, पावसाने पीक गेल्यास तोटा कोणाचा, हे त्यात स्पष्ट असावे. बियाणे विकणाराच खरेदीदार असेल, तर त्याचा नफा बियाण्यातच उरकतो की काय, हे तपासावे. दुसरा ग्राहक आधी शोधावा. पहिल्या वर्षी दोनच गुंठे लावावे. एकट्याने सही न करता दहा घरांनी मिळून बोलणी करावी.

आपल्या मंडळातील वकील व शिकलेल्या तरुणांनी असे करार वाचून देण्याचे काम अंगावर घ्यावे, ही माझी नम्र विनंती आहे. ज्याच्या शब्दावर दुसरा सही करतो, त्याने प्रत्येक ओळ दोनदा वाचावी. हा धडा मी वर्गात शिकविला नाही, शेतात शिकलो.