जीवदया आणि मुक्या जिवाचे पथ्यपाणी

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'जीवदया' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी व्यवसायाने कापड व्यापारी, शिक्षण बी. कॉम.पर्यंतचे. जीवदयेचे तात्त्विक विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही. म्हणून आपल्या दाराशी बसणाऱ्या कुत्र्याचे पोट, एवढाच लहानसा विषय मी घेतला आहे. विषय ऐकून कोणाला हसू आले तर मी रागावणार नाही. मात्र माझ्या हातून जे घडले ते ऐकल्यावर हसू टिकणार नाही, असे वाटते.

आमच्या गांधीबागेतील दुकानासमोर एक तांबूस रंगाची कुत्री असे. तिला सारे लाली म्हणत. सन २०१९ च्या दिवाळीत तिला तीन पिल्ले होती, जेमतेम महिन्याची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुकानात मिठाई भरपूर होती. दाराशी आलेला जीव उपाशी जाऊ नये, हा आपला संस्कार. मी स्वतःच्या हाताने तिला तुपातल्या पुऱ्या, बासुंदी आणि चार-पाच गुलाबजाम खाऊ घातले. तिने शेपटी हलवत सर्व संपवले आणि मला धन्यता वाटली. त्याच सायंकाळी दुकानातील एका मुलाने औषधांच्या दुकानातून जंताची गोळी आणली आणि पेढ्यात घालून तिला दिली. त्याचाही हेतू चांगलाच होता. वजन कोणी केले नाही, डॉक्टरांना कोणी विचारले नाही.

मध्यरात्रीपासून तिला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. सकाळी जुलाबात रक्त दिसले. मी त्या मुलाला सर्वांसमोर बोललो, "तुझ्या गोळीने तिचा जीव घेतलास!" पशुवैद्यकांकडे नेले तेव्हा त्यांनी गोळीचे नाव विचारलेच, पण त्याआधी एक प्रश्न केला, "काल दिवसभरात हिने काय काय खाल्ले?" मी यादी सांगू लागलो आणि सांगता सांगताच माझा आवाज खाली गेला.

त्यांनी जे समजावले ते आपल्या सर्वांच्या उपयोगाचे आहे. जंताच्या औषधाने काही कुत्र्यांना एखादी उलटी होते, शौच पातळ होते, भूक मंदावते. पोट नाजूक असेल किंवा जंत फार असतील तर हा त्रास अधिक जाणवतो. बहुधा एक-दोन दिवसांत तो आपोआप शमतो. शौचातून मेलेले जंत पडले तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु तूप, तळण आणि खवा यांचा एकदम मारा झाला तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग वारंवार उलट्या, पाठ वाकवून बसणे, पोटाला हात लावू न देणे अशी लक्षणे दिसतात. हा आजार जीवघेणाही ठरतो. ते पुढे म्हणाले, "शेटजी, दोन्ही गोष्टी एकाच दिवशी पोटात गेल्या. आता दोष कोणाचा, हे नक्की कसे सांगावे?" आयुष्यभर जमा-खर्चाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाला ही चूक समजायला वेळ लागला नाही.

लालीला तीन दिवस सलाईन लावावे लागले. ती वाचली. त्या तीन दिवसांत पिल्लांना आईचे दूध मिळाले नाही. आम्ही ड्रॉपरने दूध पाजण्याचा प्रयत्न केला, तरी एक पिल्लू दगावले. डॉक्टरांनी त्याचा ठपका माझ्यावर ठेवला नाही. माझ्या मनाने मात्र ठेवला आहे. त्या मुलाची मी त्याच आठवड्यात क्षमा मागितली.

बंधूंनो, कुत्रा पोळी-भात पचवू शकतो, ही आपल्या पूर्वजांची समजूत खोटी नव्हती. सन २०१३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले की माणसाच्या सहवासात राहता राहता कुत्र्यात पिष्टमय अन्न पचविण्याची क्षमता लांडग्याच्या तुलनेत पुष्कळ वाढली. म्हणून कोरडी पोळी किंवा मऊ भात त्याच्या पोटाला मानवतो. मिठाईचे तसे नाही. मोठ्या झालेल्या अनेक कुत्र्यांना दूधही पचत नाही. आपल्या स्वयंपाकघरात कांदा-लसूण नसल्यामुळे, कुत्र्याच्या रक्ताला अपाय करणारा एक पदार्थ आपोआप टळतो. परंतु शिऱ्यातले आणि चिवड्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात. दिवाळीच्या भेटीतील चॉकलेट तर त्याला विषासमानच. साखरविरहित गोळ्यांत घालतात ते झायलिटॉलही तसेच.

आता औषधाविषयी. आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका असते, आणि ती माझ्याही मनात होती. जंत हाही जीवच आहे, मग त्याला मारणारे औषध आपण आपल्या हाताने द्यावे काय? या प्रश्नाचा निर्णय देणारा मी कोण? तो आपण गुरुजनांना विचारावा. एक गृहस्थ म्हणून मला जे दिसले तेवढे सांगतो. गोलकृमी पिल्लाला जन्माआधीच आईच्या गर्भातून लागतात, आकडेकृमी आईच्या दुधातून. पिल्लाचे पोट फुगते, अंगात रक्त राहत नाही. या कृमींची अंडी मातीत मिसळतात आणि अंगणात खेळणाऱ्या मुलांच्या हातातोंडातून पोटात जातात. आपल्या मुलांनाही राष्ट्रीय जंतनाशक दिनी, १० फेब्रुवारीला, शाळेत व अंगणवाडीत गोळी दिली जाते. सन २०१५ पासून ही मोहीम सुरू आहे आणि आपण ती निःशंकपणे स्वीकारली आहे.

पण औषधाची गरजच कमी पडावी असाही एक मार्ग आहे आणि तो आपल्या यतनाधर्माला अधिक जवळचा आहे. गोलकृमीची अंडी शौचातून बाहेर पडल्याबरोबर बाधा करीत नाहीत. मातीत ती तयार होण्यास साधारण दोन आठवडे किंवा अधिक काळ लागतो. तेव्हा कुत्र्याची विष्ठा रोजच्या रोज उचलली तर हे चक्र तिथेच थांबते. पट्टकृमीचा एक प्रकार पिसवांमार्फत पोटात जातो. कुत्र्याची बसण्याची जागा आणि त्याचे पोते स्वच्छ ठेवले तर पिसवा वाढत नाहीत. जिथे झाडूने काम होते तिथे गोळी कमी लागते. हे कळल्यापासून दुकानासमोरची जागा मी स्वतः झाडतो.

तरीही औषध द्यावेच लागले, तर काही पथ्ये पाळावीत. कुत्र्याचे वजन करून, पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणातच गोळी द्यावी. माणसांचे औषध अंदाजाने देऊ नये. पिल्लू, गाभण वा दूध पाजणारी कुत्री आणि आजारी जनावर यांच्या बाबतीत आधी विचारावे. पूर्वी एखाद्या गोळीने त्रास झाला असेल तर तिचे नाव लिहून ठेवावे आणि डॉक्टरांना दाखवावे, म्हणजे दुसरे औषध सुचवता येते. गोळीच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचेच साधे अन्न द्यावे, सणाचे ताट मुळीच नको. पोट बिघडले तर मऊ शिजवलेला भात थोडा थोडा द्यावा आणि जवळ स्वच्छ पाणी ठेवावे. रक्त दिसले, पाणीही पोटात ठरेना, किंवा एका दिवसात उतार पडला नाही, तर घरगुती उपाय करीत बसू नये. पिल्लाच्या बाबतीत तर एक दिवसही थांबू नये. नागपूरच्या उन्हाळ्यात जुलाब झालेल्या जनावराच्या अंगातले पाणी फार लवकर कमी होते.

आपल्या शहराचे एक भाग्य आहे. येथे सन १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि सन २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही नागपुरातच आहे. ज्ञान इतके जवळ असताना अंदाजाने औषध देण्याचे कारण काय?

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्यावरून आपल्या शहरात वाद झाले आहेत, हे आपण जाणताच. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने याविषयी कडक आदेश दिला. पुढच्याच महिन्यात त्यातील काही भागाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ रोजी, दिल्ली परिसरातील कुत्र्यांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने निर्बीजीकरण व लसीकरणाबरोबर जंतनिर्मूलनाचाही उल्लेख केला, आणि कुत्र्यांना ठरवून दिलेल्या जागीच खाऊ घालावे असे सांगितले. वाटेत कोठेही उष्टे टाकणे ही दया नव्हे. त्याने शेजाऱ्यालाही त्रास होतो आणि त्या जिवालाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ट्रस्टपुढे माझी एक नम्र सूचना आहे. सणासुदीला उरलेली मिठाई कुत्र्यांपुढे न टाकता गरजू माणसांना वेळेवर वाटावी. कुत्र्यांसाठी कोरड्या पोळ्या वेगळ्या ठेवाव्यात. आणि वर्षातून दोनदा पशुवैद्यकांना बोलावून आपल्या परिसरातील कुत्र्यांची तपासणी करवून घ्यावी. पहिल्या शिबिराचा खर्च मी आनंदाने उचलीन.

लाली आता नाही. तिची राहिलेली दोन पिल्ले मोठी होऊन आमच्याच गल्लीत आहेत. यंदाच्या दिवाळीतही ती दुकानाच्या पायरीशी आली, मिठाईच्या डब्याकडे पाहत बसली. माझा हात पुढे झाला होता, तो मी मागे घेतला आणि आतून साधी पोळी आणून दिली. खरे सांगायचे तर डब्याचे झाकण उघडण्यात मला अधिक आनंद झाला असता. परंतु तो आनंद माझा असता आणि पोटदुखी त्यांची.