सिनेमातला वेडा आणि आमच्या घरातला
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिवांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, सिनेमावर बोलते. त्यांना वाटलं, निवृत्त मराठीच्या बाई आहेत, जुन्या गाण्यांविषयी बोलतील. आज त्यांची थोडी निराशा होणार आहे. सिनेमा, टीव्ही आणि पेपर आपल्याला वेडा माणूस कसा दाखवतात, आणि त्यामुळे एका घराचं काय होतं, हे मला सांगायचंय. ते घर माझंच आहे.

बी विंगमधला माझा धाकटा भाऊ तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. महापालिकेचं पाणी आपल्याकडे कितव्या दिवशी आणि किती वाजता येईल, हे त्याच्याइतकं अचूक कुणालाच सांगता येत नाही. रात्री दोनला पाणी आलं तरी वॉल्व्ह उघडायला तो जागा असतो. बागही तोच बघतो. आम्ही इथे राहायला आलो त्याला अठरा वर्षं झाली. या अठरा वर्षांत कुणी विचारलं की मी सांगायची, ‘त्याला बीपीच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून नोकरी करत नाही.’ ते खोटं होतं. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हे इथे सांगण्याआधी मी त्याची परवानगी घेतली आहे. भाषणही त्याने वाचलंय.

१९९४ साल. तो बावीस वर्षांचा होता, पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला. एक दिवस म्हणाला, रेडिओवर माझ्याबद्दल बोलतायत. मग खिडक्या लावून घेऊ लागला. अंघोळ बंद झाली, रात्र रात्र येरझारा सुरू झाल्या. गल्लीत कुणी म्हणालं बाहेरचं झालंय, कुणी म्हणालं करणी आहे. गंडे-दोरे झाले, वाऱ्या झाल्या, लिंबं उतरवून झाली. यात चौदा महिने गेले. या आजारात औषध जितकं लवकर सुरू होईल तितकं बरं, हे मला नंतर कळलं. ते चौदा महिने आम्हाला परत मिळाले नाहीत.

शेवटी मामांनी घाटीच्या ओपीडीत नेलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, काही दिवस भरती करू, औषधाचा डोस बसवू. आई उठूनच उभी राहिली. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी टॉकीजला ‘दामिनी’ पाहिला होता. चांगल्या शहाण्या बाईला वेड्यांच्या इस्पितळात टाकतात आणि तिथे तिचा छळ होतो. आईला इस्पितळ म्हणजे तेवढंच माहीत होतं. ती म्हणाली, ‘माझ्या लेकराला मी तिथे टाकणार नाही.’ आणि आम्ही गोळ्या घेऊन घरी आलो.

आईला मी दोष देत नाही. तिने खरा मनोरुग्ण विभाग कधी पाहिलाच नव्हता. बघणार तरी कुठे? वर्षानुवर्षं राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच होती, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. मराठवाड्यात एकही नाही. आपल्याला ती फक्त म्हणीसारखी माहीत. ‘याला येरवड्याला पाठवा’ असं म्हणून आपण हसायचो. मीसुद्धा वर्गात मुलांना म्हटलंय हे, कबूल करते.

१९९८ मध्ये तो बोलेना, जेवेना, एका जागी बसून राहायला लागला. डॉक्टर म्हणाले, शॉक ट्रीटमेंट द्यावी लागेल. शॉक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे आलं, तेच माझ्याही आलं. हात-पाय पट्ट्यांनी बांधलेला माणूस, डोक्याला वायरी, खटका ओढताच किंकाळी. सही करताना माझा हात कापत होता. प्रत्यक्षात त्याला भूल दिली, स्नायू सैल करणारं इंजेक्शन दिलं, काही मिनिटांत सगळं आटोपलं. शुद्धीवर आल्यावर त्याचं डोकं दुखत होतं, थोडा गोंधळलेला होता. असे सहा झाले. पुढचे काही आठवडे त्याला बारीकसारीक आठवत नव्हतं, तेही सांगते, लपवत नाही. पण तिसऱ्या वेळेनंतर त्याने स्वतःहून चहा मागितला. सात आठवड्यांत तोंडून निघालेला पहिला शब्द ‘चहा’. आता तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक देताच येत नाही. पण हे कोणत्या सिनेमात दाखवतील? भूल दिलेला माणूस किंचाळत नाही ना!

आता शब्दांकडे येते. मराठीची बाई आहे, सवय जात नाही. स्किझोफ्रेनियाला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दातही दुभंगणं आहे. म्हणून लोकांना वाटतं, एका माणसात दोन माणसं. सकाळचा साधा, रात्रीचा खुनी. तो आजार वेगळा, अतिशय दुर्मीळ, आणि सिनेमावाल्यांचा फार लाडका. ‘भूलभुलैया’त विद्या बालनची मंजुलिका होते ती त्यातूनच. सिनेमा मलाही आवडतो, उगाच सोवळेपणा करत नाही. पण दोन-अडीच तासांत आजार होतो, ओळखला जातो आणि एका रात्रीच्या नाटकात बराही होतो! माझ्या भावाला गेली तीस वर्षं रात्री जेवणानंतर गोळी घ्यावी लागते. त्यात बघण्यासारखं काहीच नाही.

पेपरातला लाडका शब्द म्हणजे ‘माथेफिरू’. कुणी कुणावर कोयता उगारला की झाला माथेफिरू. तपासणी नाही, डॉक्टर नाही, निदान बातमीदाराचं. हुंड्यासाठी बायकोला जाळणाऱ्याच्या बातमीत ‘मानसिकदृष्ट्या निरोगी इसमाने’ असं छापलेलं मी तरी कधी वाचलं नाही. राजकारणी एकमेकांना ‘मनोरुग्ण’ म्हणतात, आणि ती शिवी आमच्या घरात टीव्हीवरून येते, भाऊ समोर बसून जेवत असताना. तो रिमोट घेतो आणि चॅनेल बदलतो. बोलत काही नाही.

बोलून उपयोग होत नाही असंही नाही. २०१९ मध्ये एका हिंदी सिनेमाचं नाव ‘मेंटल है क्या’ होतं. मानसोपचारतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या संघटनेने हरकत घेतली आणि ते ‘जजमेंटल है क्या’ झालं. नावच बदललं फक्त, पण बदललं.

चांगलं काहीच निघत नाही का? निघतं, आणि अभिमानाने सांगते, मराठीत निघतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’. अतुल कुलकर्णी स्किझोफ्रेनियाचा रुग्ण, सोनाली कुलकर्णी त्याची बहीण. आम्ही तो घरी सीडीवर पाहिला. आई अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, तिला सहन झालं नाही. मागे गेले तर ती म्हणाली, ‘म्हणजे इतरांकडेही असतं.’ दहा वर्षं डॉक्टर हेच सांगत होते, ते तिला पडद्याने पटवलं. पुढे याच जोडीचा नैराश्यावरचा ‘कासव’ आला, त्याला देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळालं. डॉ. मोहन आगाशे त्याचे निर्माते, आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. आता हात वर करा, ‘कासव’ कुणी कुणी पाहिलाय? चार. आणि ‘भूलभुलैया’? बघा.

आता थोडं कडू बोलते. पूर्वी सिनेमा बनवायला कंपनी लागायची. आता खिशातला मोबाइल पुरतो. २०२२ च्या गणपती विसर्जनाला डीजेचा आवाज असह्य होऊन माझा भाऊ पार्किंगमध्ये कान दाबून खाली बसला आणि ओरडायला लागला. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं. संध्याकाळपर्यंत ते तीन ग्रुपवर फिरलं, हसणाऱ्या चेहऱ्यांसकट. एकाने त्याला भुताच्या पिक्चरचं म्युझिक लावलं होतं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एका आईने आपल्या मुलाला बाजूला ओढून घेतलं. त्या मुलाला सायकल शिकवली होती ती याच माणसाने. पुढच्या मीटिंगमध्ये ‘मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न’ निघाला. त्या आठवड्यात भाऊ पाणी सोडायला खाली उतरला नाही, आणि टाकी भरली नाही तेव्हा मात्र सगळ्यांचे फोन मला आले.

कुणाचं नाव घेत नाही. व्हिडिओ काढणारा मुलगा नंतर घरी येऊन गेला, रडला. पण त्याआधी तळमजल्यावरचे काका आले होते. त्यांनी सरळ विचारलं, ‘ताई, आजार काय आहे त्याला?’ पंधरा वर्षांत असं विचारणारे ते पहिले. मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग स्वतःच्या बहिणीबद्दल बोलले, जिचं नाव त्यांच्या घरात चाळीस वर्षं कुणी घेत नव्हतं.

बंगळूरच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली. व्यसनं धरून, शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि त्यातल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. आपले चौसष्ट फ्लॅट, मोठी माणसं दोनशेच्या आसपास. हिशोब तुम्हीच करा. कुणाला घरी गेल्यावर फोन करावासा वाटला तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. माझ्याकडे आलात तरी चालेल, चहा मिळेल.

भाषणाच्या कच्च्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘आता तो पूर्ण बरा आहे.’ भावाने ते खोडून पेन्सिलीने लिहिलं, ‘औषध चालू आहे, बरं चाललंय.’ आणि खाली एक निरोप, तोही वाचते. ‘जिन्याजवळच्या कढीपत्त्याला दुधाच्या चहाचा चोथा घालू नये, मुंग्या होतात. पाणी परवा पहाटे येईल, ज्यांना मोटार लावायची त्यांनी साडेचारला तयार राहावे.’