गुरसरायचे आकाश



गोविंदपंत बुंदेल्यांच्या काळापासून अनेक मराठी कुटुंबे बुंदेलखंडात स्थायिक झाली. झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे त्यांचे एक जुने ठाणे. पंचांग, सणवार आणि नक्षत्रांची नावे त्यांच्याबरोबर उत्तरेकडे आली. आकाश मात्र पुण्याचे जसेच्या तसे आणता आले नाही. ज्याला तारे पाहण्याचा नाद लागावासा वाटतो, त्याने आरंभ या फरकापासूनच करावा असे मला वाटते.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितके त्या गावाचे अक्षांश. हात सरळ ताणून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते. पुण्यात ध्रुव दोन मुठींहून किंचित खाली, गुरसरायला अडीच मुठींवर. उलट, पुण्यात मे महिन्यात संध्याकाळी दक्षिणेकडे सहज सापडणारा त्रिशंकू गुरसरायला क्षितिजाच्या धुरकटीत बुडालेला असतो. गाव कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे पुण्यात वर्षातून दोनदा येणारा शून्य सावलीचा दिवसही तेथे कधी येत नाही. एवढे कळावयास एक पैसाही लागत नाही.

पण लोक प्रथम दुर्बीण विकत घेतात! खोक्यावर वर्धनाचा भला मोठा आकडा छापलेली आणि लटपटत्या तिवईवर उभी असलेली ती वस्तू बहुधा महिन्याभरात माळ्यावर जाते. त्यापेक्षा दहापट वर्धनाची, पन्नास मिलिमीटर भिंगांची साधी द्विनेत्री घ्यावी. ती कठड्यावर स्थिर टेकवली की गुरूचे चार चंद्र दिसतात, आणि कृत्तिकांचा पुंजका तर दुर्बिणीपेक्षा तिच्यातूनच अधिक शोभून दिसतो.

खरे उपकरण म्हणजे वही. तारीख, वेळ, स्थळ, आकाशाची स्थिती आणि जे दिसले ते. आर्द्रेची तुलना रोज रोहिणीशी करून कोणती अधिक तेजस्वी एवढेच लिहीत जावे. २०२० च्या फेब्रुवारीत आर्द्रा इतकी मंदावली होती की हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळत होता. तो ज्यांच्या वहीत आधीपासून होता, त्यांना त्याचा अर्थ अधिक लागला. जेसोरचे राधागोविंद चंद्र हे खजिन्यातले कारकून. प्रवेशपरीक्षाही त्यांना उत्तीर्ण होता आले नाही; परंतु रूपविकारी ताऱ्यांची त्यांनी केलेली निरीक्षणे सदतीस हजारांवर गेली, आणि १९२६ साली अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेने त्यांच्याकडे सहा इंची दुर्बीण पाठविली. पुण्यात १९४४ मध्ये स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था अशाच हौशी मंडळींची.

व्यवसायाची वाट निराळी आहे. तेथे भौतिकशास्त्र आणि गणित यांवाचून गत्यंतर नाही. पदवी, पदव्युत्तर शिक्षण, मग प्रवेशपरीक्षा देऊन संशोधन, अशी दहा-बारा वर्षे जातात. आजचा खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीला डोळा क्वचितच लावतो. नारायणगावजवळ खोडदच्या तीस रेडिओ-दुर्बिणींतून येतात ते आकडे, आणि त्यांशी झुंजण्यात त्याचे दिवस जातात. ज्याला केवळ चांदण्यांची ओढ आहे त्याने हे आधी जाणून घ्यावे. मात्र या वाटेसाठी पुण्या-मुंबईतच जन्मावे लागते असे नाही. जयंत नारळीकर जन्मले कोल्हापुरास, परंतु वाढले आणि शिकले ते वडिलांच्या कर्मभूमीत, बनारसला, केंब्रिज त्यानंतरचे.

गुरसरायच्या आणि पुण्याच्या दोन मित्रांनी जोडीने करावा असा एक प्रयोग सांगतो. श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पहाटे दक्षिण-आग्नेयेस अगस्त्य प्रथम कोणत्या दिवशी दिसला, ते दोघांनी लिहून ठेवावे आणि एकमेकांस पत्राने कळवावे. पुण्यात तो आधी दिसेल. गुरसरायला सुमारे दोन आठवड्यांनी. पृथ्वीच्या गोलाईचा पुरावा त्या दोन तारखांत असेल. अडचण एकच: ते दिवस दोन्हीकडे पावसाचे असतात.