खानेसुमारीच्या रकान्यातला आपला कामगार

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आज आम्ही मांडणार आहोत तो विषय थोडा रुक्ष वाटेल. इंग्रजांच्या काळातल्या खानेसुमारीत गिरणी कामगार आणि बांधकाम मजूर कसे मोजले गेले, हा तो विषय. पण माणसं कुठल्या रकान्यात घातली यावर पुढे कुणाला काय मिळालं आणि कुणाचं काय बुडालं, हे ठरत असतं. म्हणून लक्ष देऊन ऐकावं ही विनंती.

हिंदुस्थानात इंग्रजांची पहिली खानेसुमारी १८७२ च्या सुमारास झाली. १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी सगळ्या देशात एकाच वेळी होऊ लागली. तोवर मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाजू लागले होते. ताडदेवची पहिली कापड गिरणी १८५६ साली चालू झाली होती. कोकणातून, घाटावरून माणसं पोटासाठी येत होती. त्यात आपलेही पूर्वज होते. १९११ साली मुंबईची वस्ती ९ लाख ७९ हजारांवर गेली होती.

त्या १९११ च्या खानेसुमारीत सगळ्या धंद्यांचे १६९ गट पाडले होते. त्यात कापसाची सूतकताई, खळ देणं आणि विणकाम यांचा मिळून एकच गट होता. कागदावर हे सोयीचं दिसतं. पण गिरणीत आत काय होतं? रिंग खात्यात आपल्या माणसाला प्रवेश होता, साचे खात्यात नव्हता. कारण धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला आम्ही तोंड लावणार नाही, असं सवर्ण विणकर म्हणत. आणि पगार तर साचे खात्यातच जास्त! म्हणजे गिरणी एक, मालक एक, भोंगा एक, पण मधे जातीची भिंत. खानेसुमारीच्या त्या एका गटात ही भिंत दिसतच नाही. दोघेही कापड कामगार म्हणून मोजले गेले.

त्याच साली वीस किंवा जास्त माणसं काम करणाऱ्या कारखान्यांसाठी वेगळा तक्ता काढला होता. त्यात कुशल किती, अकुशल किती, अशी विचारणा होती. तो तक्ता भरायचा कुणी? कारखान्याच्या मालकाने किंवा मॅनेजरने. कुणाच्या हातात कसब आहे हे ठरवताना कामगाराला कुणी विचारलं नाही.

आता बांधकामाकडे येऊ. चुना भाजणारे एका गटात, पाया आणि विहिरी खणणारे दुसऱ्या, पाथरवट आणि गवंडी तिसऱ्या, आणि बाकीचे चौथ्या. पण डोक्यावर घमेलं घेऊन माळ्यावर चढणारी बाई आपला धंदा काय सांगणार? ‘मजुरी’. ज्याने नुसती मजुरी सांगितली, त्याच्यासाठी अपुऱ्या माहितीच्या धंद्यांचा वेगळा वर्ग होता. इमारत उभी राहिली, पण ती उभी करणारे हात बांधकामाच्या हिशेबात आलेच नाहीत.

शिवाय जातवार तक्ते होतेच. जातीपुढे तिचा परंपरागत धंदा धरायचा आणि तो किती जण करतात हे मोजायचं. माणूस यंत्रावर सूत काढत असला तरी त्याची ओळख गावकीच्या चाकरीशीच बांधलेली!

बंधूंनो, या पुस्तकांतून आपल्यावर अन्याय झाला म्हणून ती फेकून द्यायची का? बाबासाहेबांनी तसं केलं नाही. त्याच १९११ च्या खानेसुमारीत काही कसोट्या लावल्या होत्या. ब्राह्मणांचं श्रेष्ठत्व मानत नाहीत ते कोण, देवळाच्या गाभाऱ्यात ज्यांना जाऊ देत नाहीत ते कोण, ज्यांचा विटाळ मानतात ते कोण, वगैरे. बाबासाहेबांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात हाच पुरावा वापरला. १९३२ साली लोथियन समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, हा वाद पेटला. संख्येवर प्रतिनिधित्व मिळणार म्हटल्यावर, आमच्या प्रांतात अस्पृश्य फारसे नाहीतच, असं म्हणणारे पुढे आले. त्या समितीत बाबासाहेब सभासद होते आणि त्यांनी आपलं स्वतंत्र टिपण जोडलं. १९२८ च्या गिरणी संपातही, साचे खातं आमच्या माणसांना खुलं करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घालायला त्यांनी पुढाऱ्यांना भाग पाडलं. रकान्यात जे दिसत नव्हतं, ते त्यांनी संपाच्या मैदानात आणलं.

आणि मग १९५६ ची धम्मदीक्षा. १९५१ साली देशात बौद्ध होते सुमारे १ लाख ८१ हजार. १९६१ साली झाले साडेबत्तीस लाख, त्यातले जवळजवळ २८ लाख महाराष्ट्रात. यातला एकेक आकडा म्हणजे दारात उभं राहून ‘आम्ही बौद्ध’ असं सांगणारा एकेक माणूस. सवलती जातील ही भीती असतानाही त्यांनी ते सांगितलं.

ही भीती अजून काही घरांत आहे. तिला आता आधार नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींचा हक्क बौद्धांनाही लागू झाला आहे. २०२७ च्या खानेसुमारीत जातही नोंदवणार, असं सरकारने २०२५ साली जाहीर केलं. जात सांगावी की नाही, यावर आपल्यात दोन मतं आहेत. आमचं मत असं, की दुखणं डॉक्टरला सांगतो म्हणजे आपण दुखण्याचे भक्त होत नाही. धर्म बौद्ध लिहायचा, यात तडजोड नाही. जातीपुढे आपल्या दाखल्यावर असेल ते सांगावं. कुणाला पटत नसेल तर याच विहारात बसून बोलू. आंधळेपणाने मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितलंच आहे.

शेवटी एकच विनंती. धंदा विचारला तर नुसती ‘मजुरी’ सांगू नका. गवंडी असाल तर गवंडी, वायरमन असाल तर वायरमन म्हणा. घरकाम करणाऱ्या आमच्या भगिनींनी ‘काही नाही, घरीच असते’ असं सांगू नये. आणि लिहून झालं की, काय लिहिलं ते वाचून दाखवा, असं नम्रपणे म्हणा. आपल्या आज्याला ते विचारता आलं नाही. आपल्याला येतं.

जयभीम! नमो बुद्धाय!