बहिणीची लस, भावाची ढाल
(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे. पण बचत, कर्ज, परतफेड यातच बैठक संपते आणि आरोग्य "पुढच्या वेळी बघू" म्हणून राहून जातं. म्हणून आज मी तोच विषय आधी घेते.

मागे एका गटाच्या बैठकीनंतर एका काकूंनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाला रक्ताचा कॅन्सर आहे, शहरात केमो चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की त्याला सध्या जिवंत लस द्यायची नाही. घरात त्याची ९ महिन्यांची बहीण. तिच्या गोवर-रुबेला लशीचा दिवस आला, तर काकूंनी आशाताईंना दारातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, "तिची लस त्याला बाधली तर? एक लेकरू आधीच दवाखान्यात हाय."

खरं सांगते, मला तेव्हा पक्कं उत्तर देता आलं नाही. मग मी वैद्यकीय अधिकारी मॅडमना विचारलं, वाचलं. तेच आज सांगते.

रुबेला गोवरासारखा दिसतो, पण त्याचा विषाणू वेगळा. खोकल्या-शिंकण्यातून पसरतो. बारीक ताप, अंगावर तीनेक दिवस पुरळ, कानामागे गाठी. बऱ्याच जणांना तर काहीच दिसत नाही, तरी ते दुसऱ्याला देतात. पुरळ येण्याच्या आठवडाभर आधीपासून तो पसरत असतो. म्हणजे "आजारी माणसापासून लांब राहू" म्हणून भागत नाही.

धडधाकट लेकराला तो सहसा हलका जातो. गरोदर बाईला पहिल्या तीन महिन्यांत झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचा दोष होऊ शकतो, हे आपण ऐकलंय. पण ज्यांची प्रतिकारशक्तीच कमी आहे त्यांचं काय? केमो चालू असलेले, किडनी बदललेले, स्टिरॉइडच्या मोठ्या डोसवर असलेले, किंवा जन्मतःच प्रतिकारशक्तीचा दोष असलेले. रुबेलात क्वचित रक्तातल्या प्लेटलेट घटतात, मेंदूला सूज येते. केमोमुळे ज्याच्या प्लेटलेट आधीच कमी, त्याला हे कसं झेपणार? शिवाय ताप आला की धावत दवाखाना, आणि केमो पुढे ढकलावी लागू शकते.

आता लशीबद्दल. या लशीत कमजोर केलेला पण जिवंत विषाणू असतो. चांगली प्रतिकारशक्ती त्याला सहज संपवते. पण जन्मजात गंभीर दोष असलेल्या काही मुलांत तोच विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहून कातडीवर न भरणाऱ्या गाठी-जखमा करतो, असं डॉक्टरांना आढळलंय. हे फार क्वचित घडतं, पण म्हणूनच अशा मुलांना ही लस देत नाहीत.

मग काकूंच्या प्रश्नाचं उत्तर काय? बहिणीला लस द्यायचीच. लस घेतलेल्या बाळाकडून घरातल्या आजारी माणसाला हा विषाणू लागत नाही. उलट लस न घेतलेली बहीणच बाहेरून खरा रुबेला, खरा गोवर घरात आणू शकते. ज्याला लस घेता येत नाही, त्याची ढाल म्हणजे भोवतालची लस घेतलेली माणसं. फक्त पोलिओच्या थेंबांची गोष्ट वेगळी आहे. घरात असा रुग्ण असेल तर थेंब पाजण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आता चार गोष्टी गटाच्या वहीत लिहून घ्या.

एक, बाळाला ९ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस. दोन्ही सरकारी केंद्रात मोफत.

दोन, बाळाला वारंवार न्यूमोनिया होत असेल, किंवा घरात आधीचं मूल सारख्या आजारपणाने तान्हेपणीच गेलं असेल, तर लशीआधी नर्सताईंना नक्की सांगा. लपवू नका.

तीन, एचआयव्ही आहे म्हणून स्वतःहून लस नाकारू नका. तपासणी बघून डॉक्टर ठरवतात, बऱ्याच मुलांना ती देता येते. गरोदरपणात मात्र ही लस घ्यायची नाही, आणि घेतल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळायची.

चार, ताप आणि पुरळ दिसलं की आशाताईंना कळवा. पुरळ आल्यापासून सात दिवस त्या लेकराला शाळेत, लग्नात नेऊ नका. घरातल्या केमोच्या रुग्णाचा अशा कुणाशी संपर्क आला, तर त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांना फोन करा. तो गोवर निघाला तर वेळेत देता येणारं इंजेक्शन असतं, पण ते सहा दिवसांच्या आतच.

ताईंनो, आपण एकमेकींच्या कर्जाला जामीन राहतो. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या सांभाळून घेतात. लस तशीच आहे. ज्याला घेता येत नाही, त्याच्यासाठी आपण घ्यायची.

पुढच्या लसीकरणाच्या दिवशी त्या काकू स्वतः नातीला कडेवर घेऊन अंगणवाडीत आल्या. सुई टोचल्यावर पोर रडली, तशा काकू तिला थोपटत म्हणाल्या, "रड बाई, पण दादासाठी घेतलीस गं."

प्रत्येक गटाने या महिन्यात आपल्या घरातल्या दोन वर्षांखालच्या बाळांची लसीकरण कार्डं बघावीत, एवढीच विनंती.