सवलत नको, ऑर्डर द्या



शनिवारी शटर खाली ओढायचे म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्यालाच कळते. म्हणून आज दुकान बंद ठेवून इथे आलेल्या तुमच्या उपस्थितीचे मोल मी जाणतो. नगरच्या एका छापखानेवाल्याला वसईत बोलावून तुम्ही या परिषदेच्या अध्यक्षपदी बसवलेत, त्याबद्दल आभार मानतो आणि थेट विषयाकडे वळतो.

चर्चसाठी आणि घरासाठी आपण रोज जे विकत घेतो, त्यातले काही ख्रिस्ती व्यावसायिकांकडून घ्यावे, असे आवाहन अशा व्यासपीठांवरून नेहमी होते. टाळ्या पडतात आणि सोमवारी सगळे आपापल्या जुन्या दुकानदाराकडे जातात. माझे मागणे त्याहून साधे आहे. आपल्या माणसावर उपकार म्हणून खरेदी करू नका. वेळेवर ऑर्डर द्या, पूर्ण भाव द्या आणि ठरल्या दिवशी पैसे द्या. धंद्याला याखेरीज दुसरा आधार लागत नाही.

आपण फक्त आपापसातच व्यवहार करावा, असे मी म्हणतो आहे, हा गैरसमज आधी दूर करतो. या वसईच्या वाड्यांमधला सोनचाफा आणि मोगरा पहाटे दादरच्या फुलबाजारात जातो. तिथले बहुतेक गिऱ्हाईक ख्रिस्ती नसते. ख्रिस्ती शेतकऱ्याने खुडलेले फूल गणपतीच्या हारात जाते, गजऱ्यात जाते, लग्नाच्या मांडवात जाते आणि त्या पैशांवर शेतकऱ्याची मुले शिकतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती एक टक्क्याहून किंचित कमीच भरले. शंभरातल्या एकाने उरलेल्या नव्याण्णवांकडे पाठ फिरवली, तर त्याने धंद्याला कुलूपच लावावे. धर्म विचारून भाजी घेण्याची आणि धर्म पाहून दुकान टाळण्याची भाषा आज देशात ऐकू येते. ती आपल्या तोंडी शोभत नाही आणि आपल्याला परवडतही नाही. आपल्या खरेदीने नव्या व्यावसायिकाला पाय रोवता यावेत, एवढेच तिचे काम. पुढची बाजारपेठ त्याने सर्वांमध्ये मिळवायची आहे.

मग असे पाय रोवलेले व्यावसायिक आपल्यात इतके थोडे का? माझ्या धंद्यातलेच उदाहरण घेतो. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसने देवनागरी टाइपाच्या घडणीत मोलाचे काम केले. तिथे टाइप घासण्याच्या कामावर एक गरीब पोरगा लागला, त्याचे नाव जावजी दादाजी. त्याने पुढे स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि निर्णयसागरचे संस्कृत ग्रंथ देशभर नावाजले गेले. मिशनच्या छापखान्यातून असा माणूस घडला, याचा मला अभिमान आहे. पण त्याच हुन्नरावर त्या तोडीचा ख्रिस्ती छापखानदार आपल्यात उभा राहिला नाही, हेही खरे आहे.

कसब शिकवण्यात मिशनांनी कसूर केली नाही. नगरला अमेरिकन मराठी मिशनने औद्योगिक शिक्षण दिले. त्याच मिशनचे डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारित हातमाग तयार केला. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये विणकाम, शेती आणि छपाई बायकांच्या हाती दिली. रमाबाईंच्या बायबल भाषांतराचे खिळेही तिथल्या स्त्रियांनीच जुळवले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौल कोकणातल्या घराघरांवर चढले. कुशल हात तयार झाले, मालक मात्र तयार झाले नाहीत. कारखाना मिशनचा, भांडवल मिशनचे आणि हिशेबाची वहीही मिशनच्या साहेबाकडे. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने शत्रूची मालमत्ता म्हणून ब्रिटिश सरकारने काढून घेतले. ते विकत घेण्याइतका पैसा तिथे राबणाऱ्यांकडे कुठून असणार?

आमच्या नगर जिल्ह्यात तर बहुतेक ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली. वाडवडिलांची जमीन नाही, म्हणून तारण नाही, म्हणून कर्ज नाही. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताला यादीबाहेर ठेवले. १९५६ मध्ये शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्या यादीत जागा मिळाली, आपल्याला आजही नाही. मग मास्तर, नर्स, कारकून ही वाट आमच्या आईवडिलांनी धरली आणि तिच्यावर आमची घरे उभी राहिली. त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र पगारदाराच्या घरातल्या मुलाने दुकान टाकायचे म्हटले की घरात सुतकी चेहरे होतात, ही त्याच वाटेची सवय आहे.

वसईने यावर एक उत्तर शोधले होते. १९१८ मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने इथे बॅसिन कॅथलिक पतसंस्था सुरू झाली. शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरे दार मिळाले. आज ती शेड्यूल्ड सहकारी बँक आहे आणि तिचे खातेदार सर्व धर्मांचे आहेत. आपल्यातून सुरुवात आणि सर्वांपर्यंत पोच, याचा धडा शोधायला आपल्याला दूर जायला नको.

भांडवलाचे हे झाले, आता गिऱ्हाइकाचे पाहू. चर्च हे मोठे गिऱ्हाईक आहे, पण स्वतःला गिऱ्हाईक समजत नाही. मेणबत्त्या, वेदीवरची फुले, धर्मगुरूंचे झगे, मंडप, खुर्च्या, साऊंड, वायरिंग, रंगकाम, प्रथम ख्रिस्तप्रसादाची प्रमाणपत्रे, संडे स्कूलची बक्षिसे, शवपेट्या, कबरीवरचे क्रूस. त्यापुढे चर्चच्या शाळा आणि इस्पितळे आली, की गणवेश, बाके, वह्या, चादरी, कँटीनचा किराणा. खरी मोठी खरेदी तिथेच आहे आणि ती कोणाकडून होते, हे सभासदांना बहुधा ठाऊकही नसते.

या गिऱ्हाइकाच्या दोन खोडी आहेत. पहिली उशिराची. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, तरी कार्यक्रमपत्रिकेचा मजकूर आमच्याकडे २१ च्या रात्री पोहोचतो. मोठ्या छापखान्याकडे माणसे असतात, तो उरकतो. लहान छापखानेवाला जागरण करतो, चुका होतात आणि ‘आपल्या लोकांचे काम असेच’ असा शिक्का बसतो. झावळ्यांचा रविवार, ईस्टर, चर्चचा सण, या सगळ्यांच्या तारखा वर्षभर आधी कळतात. ऑर्डर महिनाभर आधी मिळाली, तर लहान माणूसही चोख काम देतो.

दुसरी खोड सवलतीची. ‘देवाचे काम आहे, बघून घ्या.’ देवाचे काम आहे म्हणून वीज कंपनी बिल कमी करत नाही, सिमेंटवाला गोणीमागे दहा रुपये सोडत नाही. सवलत मागितली जाते ती आपल्याच सुताराकडे, आपल्याच शिंप्याकडे. दान द्यायचे असेल तर ते तो रविवारी दानपात्रात स्वखुशीने टाकेल. त्याच्या बिलातून ते कापून घेणे म्हणजे दान नव्हे.

आणि मग पैसे थकतात. कमिटीची सभा लांबते, खजिनदार गावाला जातात, आणि ख्रिस्ती पुरवठादार मागायला लाजतो. लेवीयच्या १९ व्या अध्यायात मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवायला मनाई आहे. सरकारचा नियम तर त्याहून सैल आहे. २००६ च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. निदान एवढा नियम तरी आपण पाळूया. तुम्हीही ‘उद्यम’ नोंदणी करून घ्या, म्हणजे मागताना संकोच उरणार नाही.

मात्र आपल्या माणसाला ऑर्डर द्यायची म्हणजे कमिटीतल्या मेहुण्याला द्यायची, असा अर्थ कोणी काढू नये. ट्रस्टचा पैसा लोकांचा आहे. तीन दरपत्रके मागवा. ज्याचा नातेवाईक दर भरतो, त्याने त्या चर्चेच्या वेळी बाहेर बसावे. दर आणि दर्जा सारखा असेल तिथे आपल्या व्यावसायिकाला प्राधान्य द्या, आणि नसेल तर तो कुठे कमी पडला हे त्याला सांगा. त्या सांगण्याचा उपयोग त्याला ऑर्डरइतकाच होईल.

घरातली खरेदी लहान वाटते, पण लग्न, बारसे, नाताळ धरला तर ती लहान नाही. केक, बँड, गाऊन, केटरर, फोटो. आपल्याकडून घ्यायला लोक कचरतात, कारण काम बिघडले तर तक्रार करायची पंचाईत, रविवारी तोंड दाखवायचे असते. त्यावर माझा उपाय असा: तक्रार सोमवारी दुकानात करा, बिल हातात घेऊन, रविवारी चर्चच्या आवारात नको. आणि दुकानदाराने ती गिऱ्हाइकाची तक्रार म्हणून ऐकावी, भाऊबंदकी म्हणून नव्हे.

विशेष सांगायचे ते घरातून धंदा करणाऱ्या बायांबद्दल. उन्हाळ्यात बॉटल मसाला कुटणारी ईस्ट इंडियन मावशी, राजेळी केळ्यांची सुकेळी करणारी आगाशीकडची काकू. मिरच्या निवडण्यात, भाजण्यात, केळी उन्हात दिवसचे दिवस राखण्यात त्यांची मेहनत जाते आणि आपण ‘नमुना’ म्हणून एक बाटली फुकट नेतो. यंदा नाताळच्या भेटींत चॉकलेटच्या डब्याऐवजी सुकेळी द्या आणि तिने सांगितलेला भाव द्या.

आता व्यावसायिकांना चार शब्द. पौल तंबू शिवत होता आणि थुवतीराची लुदिया जांभळे कापड विकत होती. त्यांचा माल बाजारात मालाच्या गुणावरच खपला असणार. पाटीवर वचन लिहिल्याने वजनाचा काटा खरा ठरत नाही. पक्के बिल द्या, दिलेला वेळ पाळा, आपल्याकडच्या कामगाराला पूर्ण मजुरी द्या, मग तो कोणत्याही धर्माचा असो. प्राधान्य एकदाच मिळते, दुसरी ऑर्डर कामावर मिळते.

शेवटी तीन सूचना ठरावासाठी मांडतो. प्रत्येक चर्च आणि संस्थेने वर्षाच्या आरंभी आपल्या खरेदीची यादी फलकावर लावावी, म्हणजे कोणालाही दर भरता येईल. पुरवठादारांची बिले ४५ दिवसांत चुकती करावीत. आणि थकलेल्या बिलांची संख्या खजिनदाराने वार्षिक सभेत वाचून दाखवावी. पुढच्या परिषदेत अध्यक्ष कोणीही असो, त्याने भाषणाआधी हे आकडे मागवावेत आणि सर्वांसमोर वाचावेत, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.