दुकानात न पोचलेली रेकॉर्ड: 'बिग स्टार'ची गोष्ट

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर ऑफिसच्या कँटीनमध्ये चहाच्या लाइनीत असाल, तर हेडफोन नीट लावा. आजची गोष्ट एका अशा रॉक बँडची आहे, जो जेमतेम चार वर्षं टिकला. त्याचे दोन अल्बम आले, ते कुणी घेतले नाहीत. तिसरा रेकॉर्ड झाला, तर तो कुणी काढायलाच तयार होईना. आणि तरीही आज गिटार हातात घेणारी अर्धी दुनिया त्यांचं नाव घेते. बँडचं नाव 'बिग स्टार'.

गाव मेम्फिस, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं. साल १९७१. तिथे आर्डेंट नावाचा एक स्टुडिओ होता. त्याचे मालक जॉन फ्राय. हा माणूस भारी होता. नुसता स्टुडिओ भाड्याने देऊन गप्प बसायचा नाही, तर गावातल्या पोरांना रेकॉर्डिंगचं काम शिकवायचा आणि रात्री स्टुडिओ रिकामा असला की वापरू द्यायचा. या पोरांमधला एक म्हणजे क्रिस बेल. गिटार, गाणं आणि मशीनवरही हात बसलेला. त्याच्यासोबत बेसवर अँडी हमेल आणि ड्रम्सवर जोडी स्टीफन्स.

चौथा आला ॲलेक्स चिल्टन. तो आधीच स्टार होता. १९६७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, 'बॉक्स टॉप्स' या बँडसाठी त्याने 'द लेटर' गायलं होतं. दोन मिनिटांपेक्षाही छोटं गाणं, पण अमेरिकेत एक नंबरवर गेलं. सोळाव्या वर्षी आपण काय करत होतो? बोर्डाच्या परीक्षेच्या गाइडा चाळत होतो!

बँडचं नाव कुठून आलं माहितीये? स्टुडिओजवळच्या एका सुपरमार्केटच्या पाटीवरून. म्हणजे आपल्याकडे किराणा दुकानाचं नाव बँडला द्यावं तसं. आणि पहिल्या अल्बमला नाव दिलं 'नंबर वन रेकॉर्ड'. कॉन्फिडन्स बघा पोरांचा!

१९७२ मध्ये अल्बम आला. समीक्षक खूश. बिलबोर्डने तर लिहिलं की यातलं कुठलंही गाणं सिंगल म्हणून चालेल. मग अडलं कुठे?

आता नीट ऐका, कारण खरी गंमत, म्हणजे खरं दुःख, इथे आहे. आर्डेंटच्या रेकॉर्ड्स विकायचं काम होतं 'स्टॅक्स' या कंपनीकडे. स्टॅक्स सोल म्युझिकची दादा कंपनी, पण गोऱ्या पोरांचा गिटार पॉप कुठल्या दुकानात आणि कुठल्या रेडिओवर न्यायचा, याची तिला सवय नव्हती. लोक समीक्षा वाचून दुकानात जायचे, तर रेकॉर्डच नाही. मग स्टॅक्सने वितरणासाठी 'कोलंबिया'शी करार केला. कोलंबियाला स्टॅक्सच्या जुन्या छोट्या वितरकांशी काही देणंघेणं नव्हतं. परिणाम काय? जो काही थोडा माल दुकानांत होता, तोही परत गेला. तेव्हा या अल्बमच्या दहा हजार कॉपीसुद्धा खपल्या नाहीत.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कोड एकदम क्लीन, सगळ्या टेस्ट पास, आणि डिप्लॉयमेंटच झालं नाही. दोष कुणाचा, तर प्रत्येक टीम दुसरीकडे बोट दाखवणार.

याचा सगळ्यात मोठा फटका बसला क्रिस बेलला. अल्बमचा आवाज कसा असावा, हे ठरवण्यात त्याचा वाटा मोठा. पण पेपरवाले लिहायचे चिल्टनबद्दल, कारण चेहरा ओळखीचा. अल्बम पडल्यावर क्रिस डिप्रेशनमध्ये गेला आणि १९७२ संपायच्या आत बँड सोडला.

बँड जवळपास संपलाच होता. पण मे १९७३ मध्ये मेम्फिसमध्ये रॉक समीक्षकांचं एक संमेलन भरलं आणि उरलेले तिघं तिथे वाजवायला उभे राहिले. लिहिणारी मंडळी वेडी झाली. त्या जोरावर १९७४ मध्ये दुसरा अल्बम आला, 'रेडिओ सिटी'. पुन्हा तेच! तोवर स्टॅक्स आणि कोलंबियाचं फाटलं होतं, आणि कोलंबियाने रेकॉर्ड पुढे पाठवलीच नाही.

अँडीने बँड सोडला, शिक्षण पूर्ण केलं, आणि पुढे टेक्सासमध्ये विमानं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाला. चिल्टन आणि जोडीने प्रोड्यूसर जिम डिकिन्सनसोबत तिसरा अल्बम केला. उदास, मध्येच तुटणारा, रात्री एकट्याने ऐकण्यासारखा. एकाही कंपनीने घेतला नाही. बाहेर यायला १९७८ उजाडलं. तोवर बँड संपला होता आणि स्टॅक्सचंही दिवाळं निघालं होतं.

मग ही गाणी वाचली कशी? समीक्षकांना फुकट वाटलेल्या कॉपींमुळे. दुकानात रेकॉर्ड नव्हती, पण लिहिणाऱ्यांच्या घरी होती. त्यांनी लिहिलं, मित्रांना ऐकवलं, कुणी कॅसेटवर उतरवून घेतली. ती ऐकून पोरांनी बँड काढले. 'आर.ई.एम.'वाले मुलाखतींमध्ये बिग स्टारचं नाव घ्यायला लागले. १९८६ मध्ये 'बँगल्स'ने 'सप्टेंबर गर्ल्स' नव्याने गायलं. १९८७ मध्ये 'रिप्लेसमेंट्स'ने तर गाण्याचं नावच ठेवलं 'ॲलेक्स चिल्टन'. आणि 'दॅट सेव्हन्टीज शो' पाहिली असेल, तर तिचं टायटल साँग म्हणजे बिग स्टारचंच 'इन द स्ट्रीट', दुसऱ्यांनी गायलेलं. २००३ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाने ५०० सर्वोत्तम अल्बमची यादी काढली, त्यात बिग स्टारचे तिन्ही अल्बम होते.

ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात आणि म्हणतात, 'बघा, चांगलं काम शेवटी जिंकतंच.' मला हे पटत नाही. कारण क्रिस बेल यातलं काहीच बघू शकला नाही. बँड सोडल्यावर तो घरच्यांच्या रेस्टॉरंटमध्ये काम करायचा. १९७८ मध्ये त्याचं एक सिंगल आलं, 'आय ॲम द कॉसमॉस'. त्याच वर्षी २७ डिसेंबरला मेम्फिसमध्ये त्याची गाडी खांबावर आदळली. वय २७. त्याची गाणी अल्बम म्हणून बाहेर यायला १९९२ साल उजाडावं लागलं.

चिल्टनने ऐंशीच्या दशकात न्यू ऑर्लिन्समध्ये भांडी घासायचं कामही केलं. १९९३ मध्ये तो आणि जोडी पुन्हा बिग स्टार म्हणून स्टेजवर आले. २०१० च्या मार्चमध्ये, ऑस्टिनमधल्या शोच्या तीन दिवस आधी, तो गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये अँडीही गेला. मूळ चौघांतला जोडी एकटा उरला.

म्हणजे गाणी जिंकली, माणसं नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण त्या फार सहज एक करून टाकतो.

आज गाणं अपलोड करायला कुठली कंपनी लागत नाही. पण अपलोड झालं म्हणजे पोचलं असं नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पोचवणारा अजूनही माणूसच असतो, 'अरे, हे ऐक' म्हणणारा. तुमच्या ओळखीत कुणी चांगलं काही करत असेल, गाणं, कॉमिक, ॲप, काहीही, तर त्याला आजच सांगा आणि चार जणांना पाठवा. वीस वर्षांनी यादीत नाव आलेलं त्याला कळेलच असं नाही.

ऐकायला कुठून सुरुवात कराल? आधी 'थर्टीन', मग 'सप्टेंबर गर्ल्स', आणि रात्री दिवे बंद करून 'आय ॲम द कॉसमॉस'. कसं वाटलं ते कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!